सामान, विमानप्रवासातील

सामान, विमानप्रवासातील : विमानाने परदेशी जाणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी, गरजेसाठी अथवा भेटीदाखल बरोबर घेतलेल्या वस्तूंना प्रवासी सामान म्हणतात. विक्रीसाठी पाठविलेला माल यात मोडत नाही. त्याची वाहतूक व आकारणी वेगळ्या नियमांनी होते. प्रवासी सामानाचे दोन प्रकार आहेत. प्रवाशाने विमान कंपनीच्या स्वाधीन केलेले व कंपनीने पावती देऊन स्वीकारलेले ते नोंदविलेले सामान, आणि प्रवाशाने विमानात स्वतःजवळ ठेवलेले ते हातसामान. पहिल्या प्रकारच्या सामानाचा ताबा व सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीकडे जाते, दुसऱ्याची प्रवाशाकडेच राहते. पेटीत काय आहे याचे उत्तर मात्र दोन्ही बाबतींत प्रवाशालाच द्यावे लागते. काय न्यावे व काय नेऊ नये यांच्या याद्या प्रत्येक कंपनी देते आणि त्या वरचेवर बदलतात. त्यांमागची कारणे मात्र थोडी व टिकाऊ आहेत, आणि त्यांपैकी काही अपघातांतून शिकावी लागली आहेत.

वजन व आकार : जहाजाने विलायतेस जाणारा प्रवासी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर पत्र्याच्या ट्रंका, होल्डॉल व फराळाचे डबे घेऊन येत असे. ट्रंकांवर ‘प्रवासात हवे’ किंवा ‘प्रवासात नको’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या चिकटवीत. ‘नको’ असलेले सामान तळाच्या कोठारात जाई. हातसामान व नोंदविलेले सामान ही आजची विभागणी मुळात तीच होय. विमानाला मात्र जहाजाची ऐसपैस कोठारे नाहीत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील लहान विमानांत तर सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करीत, कारण इंधन, टपाल, माणसे व पेट्या यांच्या एकूण वजनावर उड्डाण अवलंबून असे. एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेली. त्या पिढीच्या विमानप्रवासात साध्या वर्गाला २० किग्रॅ. (४४ पौंड) व पहिल्या वर्गाला ३० किग्रॅ. (६६ पौंड) सामान विनामूल्य नेता येई.

विमाने मोठी झाल्यावर अटलांटिक ओलांडणाऱ्या मार्गांवर वजनाऐवजी नगांची पद्धत आली. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा प्रत्येकी २३ किग्रॅ. वजनाचे नग मोजले जातात, तर आखाती देशांच्या तिकिटावर अजूनही बव्हंशी एकूण वजन मोजतात. नगाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज सामान्यतः १५८ सेंमी. (६२ इंच) पेक्षा अधिक चालत नाही. कोणताही एक नग ३२ किग्रॅ. च्या वर नसावा, हा दंडक मात्र विमानासाठी नसून हमालासाठी आहे. विमानाच्या पोटात गुडघ्यांवर बसून दिवसाला शेकडो पेट्या रचणाऱ्या कामगाराच्या पाठीचा तो विचार आहे. वजन घरीच करावे, असा सल्ला सर्वत्र देतात. काट्यावर पेटी जड भरल्यावर रांग अडवून साड्या व लोणच्याच्या बरण्या एका पेटीतून दुसरीत टाकणारे कुटुंब पाहिले, की तो किती थोडे लोक मानतात हे कळते.

पेटीचा प्रवास : नोंदणी झालेली पेटी पट्ट्यावरून पडद्याआड गेली की पुढे तिला ओळख देते ती हँडलला गुंडाळलेली कागदी पट्टी, म्हणजे टॅग. या युक्तीचा उगम रेल्वेत आहे. कॅनडातील मंक्टन येथील जॉन मायकेल लायन्स याने १८८२ मध्ये दोन भागांत फाडता येणाऱ्या सामान-तिकिटाचे एकस्व घेतले : एक भाग पेटीवर, दुसरा प्रवाशाच्या हाती. आजच्या टॅगवर मुक्कामाच्या विमानतळाचे तीन रोमन अक्षरांचे संकेतनाम असते. मुंबईचे संकेतनाम अजूनही ‘बॉम्बे’ या जुन्या नावावरून घेतलेले आहे. त्याखाली दंडसंकेत व दहा आकडी क्रमांक असतो. या क्रमांकातील तीन आकडे कंपनीचे असून एअर इंडियाचे ०९८ आहेत. पट्ट्यांच्या जाळ्यावरील यंत्रे हा दंडसंकेत वाचून पेटीला वाट दाखवितात. म्हणूनच मागच्या प्रवासाचे टॅग व त्यांचे हँडलला चिकटलेले लहान तुकडे काढून टाकणे ही तयारीतील पहिली पायरी मानावी. यंत्राला जुनी व नवी खूण यांत फरक कळत नाही. टॅग तुटला तर उपयोगी पडावा म्हणून पेटीच्या आत, कपड्यांच्या वर, नाव, मुक्कामाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवतात. दर हजार प्रवाशांमागे चुकणाऱ्या सामानाचे प्रमाण २००७ मध्ये जगभरात सु. १९ होते, ते २०२४ मध्ये ६ ते ७ च्या दरम्यान उतरले. चुका प्रामुख्याने विमान बदलताना होतात. जोडविमानासाठी मध्ये तासभरच वेळ असेल, तर प्रवासी धावत जाऊन ते गाठू शकतो, पेटी नेहमीच गाठते असे नाही. चष्मा, औषधे, कागदपत्रे व कपड्यांचा एक जोड हातसामानात असावा, तो याच कारणासाठी.

मालकाविना सामान : पेटी व तिचा मालक एकाच विमानात असले पाहिजेत, हा नियम आज इतका अंगवळणी पडला आहे की त्याची किंमत विसरली जाते. २२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका प्रवाशाने टोराँटोच्या विमानासाठी पेटी नोंदविली. ती टोराँटोला एअर इंडियाच्या विमानावर परस्पर चढवावी, असा त्याचा आग्रह होता. त्या विमानावर त्याची जागा निश्चित नव्हती. काउंटरवर हुज्जत झाली, मागे रांग वाढत होती, आणि अखेर पेटी घेतली गेली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. टोराँटोला त्या दिवशी सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. २३ जूनला ‘सम्राट कनिष्क’ हे बोइंग ७४७ विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर अटलांटिकवर आकाशातच फुटले व त्यातील ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. लंडन व दिल्लीमार्गे ते मुंबईला येणार होते. त्याच्या सु. तासभर आधी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच बँकॉककडे जाणाऱ्या विमानासाठी आलेल्या पेटीचा स्फोट होऊन दोन कामगार ठार झाले होते. तीही पेटी व्हँकूव्हरहूनच, मालकाविना आली होती. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर कोसळलेल्या विमानाच्या प्रकरणातही न्यायालयाने मालकाविना चढविलेल्या पेटीचाच निष्कर्ष काढला. तेथे जमिनीवरील ११ जणांसह २७० बळी गेले.

या घटनांनंतर प्रवासी व सामान यांची सांगड घालणे आंतरराष्ट्रीय उड्डाणांत सक्तीचे झाले. भारतातील विमानतळांवर बरीच वर्षे प्रवाशांना विमानाशेजारी उन्हात मांडून ठेवलेल्या पेट्यांतून आपली पेटी ओळखून दाखवावी लागे. न ओळखलेली पेटी वर चढत नसे. पुढे हे काम संगणक व पट्ट्यावरील क्ष-किरण तपासणी यांच्याकडे गेले. एखादा प्रवासी ऐनवेळी आला नाही म्हणून त्याची पेटी शोधून उतरविण्यात अर्धा तास जातो आणि बाकीचे प्रवासी त्रासून घड्याळाकडे पाहतात. त्या अर्ध्या तासाचे मूळ वरील हकिकतीत आहे. ‘पेटी तुम्ही स्वतः भरली आहे का? कोणी काही पोहोचविण्यासाठी दिले आहे का?’ हे काउंटरवरील प्रश्नही तिथूनच आले. हातसामानातील द्रवपदार्थांवरचे बंधन त्यामानाने अलीकडचे आहे. द्रव स्फोटके वापरून अटलांटिक ओलांडणारी विमाने पाडण्याचा कट १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून १०० मिलि. पेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव हातसामानात नेण्यास बंदी आली. नव्या प्रकारची तपासणी यंत्रे बसविलेल्या काही विमानतळांवर ती सैल झाली आहे. तथापि परतीच्या वाटेवरील विमानतळ तसा असेलच याची खात्री नसते. तूप, चटणी, लोणचे व श्रीखंड हे पदार्थही या नियमाच्या दृष्टीने द्रवच.

दाब व आग : उड्डाणात प्रवासी कक्षातील हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसून फार तर सु. २,४०० मी. उंचीच्या डोंगरावर असतो तितका, म्हणजे नेहमीच्या सु. तीनचतुर्थांश असतो. खालच्या सामानकक्षातही दाब साधारण तेवढाच ठेवतात. त्यामुळे घट्ट झाकणाच्या बरणीतील हवा सु. एकतृतीयांशाने फुगू पाहते व झाकणाच्या फटीतून तेल बाहेर ढकलते. बरणी काठोकाठ भरणे, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालणे व बरणी दुहेरी पिशवीत बांधून पेटीच्या मध्यभागी कपड्यांत ठेवणे, हे उपाय गृहिणींनी अनुभवाने शोधले आहेत; त्यांमागे बॉइलचा नियम आहे.

आगीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. लिथियम विद्युत्‌घटात आतल्या आत मंडलसंक्षेप झाला, तर त्याचे तापमान आपोआप वाढत जाते व आग लागते. विमानाच्या पोटात ती कोणाला दिसत नाही व तेथे जाऊन विझविताही येत नाही. कक्षात मात्र कर्मचारी पाणी ओतून घट थंड करू शकतात. म्हणून सुटे घट व भ्रमणध्वनी भारित करणाऱ्या पॉवर बँका हातसामानातच ठेवाव्या लागतात. क्षमतेची मर्यादा १०० वॉट-तास असून १०० ते १६० वॉट-तासांच्या घटांना कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापलेली असते. तीस १,००० ने भागून ३·७ व्होल्टने गुणले की वॉट-तास मिळतात. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक अशी ७४ वॉट-तासांची ठरते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबई येथे लिथियम घटांचा मोठा साठा नेणारे एक मालवाहू विमान आगीमुळे कोसळून दोन्ही वैमानिक मरण पावले. त्यानंतर या घटांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

खोबऱ्याची गोष्ट मराठी वाचकास अनपेक्षित वाटेल. सुक्या खोबऱ्यातील तेलाचे हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होताना उष्णता निर्माण होते. साठा दाटीवाटीने रचलेला असेल तर ती बाहेर पडू शकत नाही व पदार्थ आपोआप पेट घेऊ शकतो. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खोबऱ्यास १३६३ हा क्रमांक असून त्याची गणना उत्स्फूर्त ज्वलनशील पदार्थांत होते. भारतातील विमानतळांवर खोबऱ्याच्या वाट्या पेटीतून काढून ठेवण्यास सांगतात, त्याचे कारण हे आहे. एका पेटीतील दोन वाट्यांनी आग लागेल असे नव्हे. वर्गीकरण मात्र पदार्थाचे होते, वाट्यांचे नव्हे.

खाद्यपदार्थ व औषधे : परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या पेटीत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला व पापड असणारच. एके काळी यामागे आठवणीइतकीच टंचाईही होती. १९७० च्या आसपास शिक्षणासाठी वा कामासाठी जाणाऱ्यांना अवघे ८ डॉलर बरोबर नेता येत असल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी सांगितल्या आहेत. पहिल्या महिन्याचे जेवण अशा वेळी पेटीतूनच जाई. भाजलेले, वाळविलेले व कारखान्यात बंद केलेले पदार्थ बहुतेक देश घेऊ देतात. ताजी फळे, भाज्या, बियाणे, मांस आणि पुष्कळ ठिकाणी दुधाचे पदार्थ घेऊ देत नाहीत. यामागे कीड व रोग यांची भीती आहे. हापूस आंब्याचे उदाहरण बोलके आहे. फळमाशी व कोयीतील भुंगा यांच्या धास्तीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दीर्घकाळ दार बंद ठेवले होते. ते २००७ मध्ये उघडले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील प्रारण केंद्रात गॅमा किरणांची ४०० ग्रे मात्रा दिलेल्या आंब्यांनाच प्रवेश मिळाला. पेटीतून नेलेल्या आंब्याला ही प्रक्रिया झालेली नसते, म्हणून तो आजही तेथील विमानतळावरच कचऱ्यात जातो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे प्रवेशपत्रिकेवर खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. जाहीर केलेला पदार्थ फार तर जप्त होतो, लपविलेल्या पदार्थाबद्दल जागेवर दंड होतो. शंका असेल तेथे ‘होय’ लिहिणे स्वस्त पडते.

सर्वांत मोठा धोका निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूचा आहे. खसखस हे अफूच्या झाडाचे बी. दिवाळीच्या अनारशांवर ती असते, काही घरांच्या मसाल्यात असते, आणि भारतात ती वाण्याकडे उघड मिळते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर या देशांत मात्र ती निषिद्ध असून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येऊ शकते. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतून, आखातात कामासाठी गेलेल्यांची संख्या मोठी आहे. सणाच्या सुमारास गावाहून परतणाऱ्याच्या पेटीत फराळाचे डबे हमखास असतात, व त्यांतले काही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपल्या मुलासाठी दिलेले असतात. डबा कोणी दिला हे तेथील अधिकारी प्रथम विचारात घेत नाही. पेटी ज्याच्या नावावर, वस्तू त्याच्या ताब्यात असे तो धरून चालतो. खुलासा पुढे करता येतो, पण अनेकदा तो कोठडीतून करावा लागतो. दुसऱ्याचा डबा उघडून पाहणे आपल्याकडे असभ्य समजतात. या एका प्रसंगी ती सभ्यता बाजूस ठेवावी, आणि उघडून पाहता येत नसेल तर डबा नाकारावा.

औषधांचेही असेच. वेदनाशामक ट्रॅमाडॉल व खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन यांवर अमिरातीत कडक नियंत्रण असून ती नेण्यापूर्वी तेथील आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी लागते. सर्दीवरील स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून अधिक प्रमाणात असलेली औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामाच्या दिवसांपुरती व हातसामानात न्यावी; सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी व तीत औषधाचे व्यापारी नाव नव्हे, तर रासायनिक नाव लिहिलेले असावे, कारण भारतीय व्यापारी नावे बाहेर कोणास ठाऊक नसतात. गोळ्या पाकिटातून काढून एकाच डबीत भरण्याची वृद्ध प्रवाशांची सवय येथे अडचणीची ठरते.

कागदपत्रे व पैसा : बहुतेक देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत असलेले पारपत्र मागतात. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. ते लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, आणि ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. पूर्वी ते दर दहा वर्षांनी नव्याने घ्यावे लागे. याउलट देवीच्या लशीचे प्रमाणपत्र, जे एके काळी पारपत्राइतकेच आवश्यक होते, देवी रोगाचे १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झाल्यावर इतिहासजमा झाले. परकीय चलनावरील जुने जाचक निर्बंध १ जून २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सैल झाले.

सीमाशुल्क : निघताना भारतीय प्रवाशाचे लक्ष पुढच्या देशाच्या कस्टमकडे असते, परतीच्या वेळच्या स्वदेशी कस्टमकडे नसते. अंगावरचे भारी दागिने किंवा महाग कॅमेरा परत आणताना तो परदेशात विकत घेतला नाही, हे सिद्ध करणे प्रवाशाकडे येते. यासाठी जातानाच विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्याकडून त्या वस्तूंची नोंद असलेले निर्यात प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. लग्नकार्यासाठी परदेशी जाणाऱ्या कुटुंबांना ती विशेष उपयोगी पडते, पण तिच्यासाठी विमानतळावर वेळ हाताशी ठेवून जावे लागते. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार सामानातील वस्तू जाहीर करण्याचे दायित्व सामानाच्या मालकावर आहे. हिरव्या मार्गाने चालत जाणे हीच ‘जाहीर करण्यासारखे काही नाही’ अशी घोषणा समजली जाते.

हरवणे व भरपाई : १२ ऑक्टोबर १९२९ च्या वॉर्सा करारान्वये नोंदविलेल्या सामानाच्या नुकसानीची भरपाई वजनावर ठरे : दर किलोग्रॅमला २५० सुवर्ण फ्रँक. अखेरच्या काळात हे सु. २० डॉलर होत. त्यामुळे रेशमी साड्यांची पेटी व पोह्यांची पेटी यांची किंमत सारखीच धरली जाई. २८ मे १९९९ च्या माँट्रिऑल कराराने ही पद्धत मोडून प्रत्येक प्रवाशामागे एकच कमाल मर्यादा ठरविली. भारतात हा करार २००९ पासून लागू आहे. ही मर्यादा विशेष आहरण अधिकार या आंतरराष्ट्रीय एककात सांगतात. प्रारंभी १,००० असलेली ती २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९, म्हणजे सु. दोन हजार अमेरिकी डॉलर आहे. ही कमाल मर्यादा होय, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. भरलेल्या पेटीचे छायाचित्र व आतील वस्तूंची यादी घरी ठेवून जाणाऱ्याचे काम येथे सोपे होते. मर्यादेहून अधिक किमतीचे सामान असल्यास ते स्वाधीन करतानाच विशेष घोषणा करून जादा शुल्क भरता येते, परंतु ही तरतूद फारच थोड्यांना माहीत असते. रोकड, दागिने व मूळ प्रमाणपत्रे नोंदविलेल्या सामानात ठेवू नयेत, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी पदवीची मूळ प्रमाणपत्रे तरी पेटीत कधीच घालू नयेत. ती पुन्हा मिळविण्यासाठी विद्यापीठात घालावे लागणारे हेलपाटे कोणत्याही भरपाईत धरले जात नाहीत.

पेटी पट्ट्यावर आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या कक्षात लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. टॅगचा प्रवाशाकडील तुकडा हाच त्या वेळी पुरावा असतो. फुटक्या वा फाटक्या पेटीची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि उशिरा मिळालेल्या पेटीची ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. यायला हवी होती त्या दिवसापासून एकवीस दिवस उलटूनही पेटी आली नाही, तर ती हरवली असे समजून प्रवाशास भरपाई मागता येते. न्यायालयात दावा दाखल करण्याची मुदत मुक्कामी पोहोचल्यापासून, अथवा विमान पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून, दोन वर्षांची आहे.